न दिसलेली रेघ

माझ्या दवाखान्यातल्या टेबलाच्या खणात एक खाकी पाकीट आहे. त्यात एक्स-रेची एक छोटी फिल्म आहे, आगपेटीहूनही लहान. पाकिटावर एका मुलीचे नाव आणि १९९३ हे साल माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे. दवाखान्याची जागा दोनदा बदलली, जुने केसपेपर रद्दीत गेले. ही फिल्म मात्र मी टाकलेली नाही. उजेडासमोर धरली तर तीत वरच्या जबड्याचे समोरचे दोन दात दिसतात. मुळे सरळ, भोवतीचे हाड उत्तम. निरोगी दात कसा दिसतो हे विद्यार्थ्यांना शिकवायला वापरावी अशी फिल्म. आणि त्या दोघांपैकी एका दाताचे मूळ त्या वेळी मोडलेले होते.

मुलगी आठवीत होती. शाळेच्या मैदानावर खो-खो खेळताना खांब धरून वळायच्या नादात तिचे तोंड खांबावर आपटले. साताऱ्यात मला दवाखाना थाटून तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. वडील तिला स्कूटरवरून घेऊन आले. ओठ सुजलेला, हिरडीच्या कडेला थोडे रक्त, पुढचा एक दात किंचित हलत होता. पण दाताचा टवकाही उडालेला नव्हता. मी एक एक्स-रे काढला. माझी डार्क रूम म्हणजे मागच्या बाजूची मोरी होती, खिडकीला काळा कागद लावलेली. फिल्म आधी डेव्हलपरमध्ये बुडवायची, मग फिक्सरमध्ये, मग नळाखाली धुवायची. ती ओलीच फिल्म मी उजेडासमोर धरली, वडिलांना दाखवली आणि म्हणालो, "काही झालेलं नाही. मुका मार आहे. पंधरा दिवस पुढच्या दातांनी काही तोडू नकोस, बास."

तीन वर्षांनी ती परत आली ती त्याच दाताच्या वर हिरडीवर पुळी घेऊन. पुन्हा एक्स-रे काढला. या वेळी रेघ शोधावी लागली नाही. मुळाच्या मध्यावर आडवी काळी रेघ, दोन तुकड्यांत स्पष्ट अंतर आणि रेघेच्या दोन्ही अंगांचे हाड पोखरलेले. दात काढावा लागला. अकरावीतल्या मुलीला एका दाताची, काढता-घालता येणारी कवळी मी बसवून दिली. त्यानंतर हसताना तिचा हात तोंडावर जायचा. बाजारात, एसटी स्टँडवर मी ते लांबून पाहिले आहे. लहान गावात डॉक्टरला आपल्या चुका रस्त्यात भेटतात.

वेळीच कळले असते तर दात नक्की वाचला असता, असे मी म्हणणार नाही. पण त्याला संधी मिळाली असती. ती का मिळाली नाही आणि आज अशा मुलीला ती कशी मिळू शकते, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

सावलीचे चित्र

एक्स-रे म्हणजे फोटो, असे आपण बोलताना म्हणतो. वास्तविक ती सावली असते. किरण एका बाजूने येतात, दात आणि हाड त्यांना कमी-अधिक अडवतात आणि पलीकडच्या फिल्मवर सावली पडते. ओठाकडचे हाड, मूळ, मुळातली पोकळी, टाळूकडचे हाड असे सगळे थर त्या सावलीत एकावर एक पडतात. लांबी आणि रुंदी हाती लागते, खोली मात्र हरवते.

आता मोडलेल्या मुळाचा विचार करू. कोयत्याने तोडलेला ऊस आठवा. काप क्वचितच आडवा सरळ असतो. बहुधा तो तिरका जातो. पुढच्या दाताचे मूळ मोडते तेही बरेचदा असेच तिरके. किरण त्या तिरक्या फटीच्या रोखाने गेला तरच फिल्मवर रेघ उमटते. जुन्या वाड्याच्या फळ्यांच्या दारातली फट आठवा. नेमके समोर उभे राहिले तर पलीकडचा उजेड दिसतो, दोन पावले बाजूला सरकले की दार बंदच वाटते. किरणाचा रोख आणि फटीचा रोख यांत पंधरा-वीस अंशांहून अधिक फरक पडला की रेघ नाहीशी होते. त्यातून मार नुकताच लागलेला असेल आणि तुकडे एकमेकांना चिकटून असतील, तर फटच इतकी बारीक असते की काही दिसत नाही. पुढे सूज येऊन तुकडे जरा दूर झाले की तीच रेघ उघडी पडते.

म्हणूनच मार लागलेल्या दाताचा एकच एक्स-रे काढून थांबू नये, असे दंत-आघातांवरील आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. समोरून सरळ एक, मग कोन बदलून आणखी दोन, आणि फिल्म दातांमध्ये आडवी धरून एक. हा शहाणपणा १९९३ सालीही पुस्तकात होता. मी एकच फिल्म काढली होती, आणि नंतर तिला तपासणीसाठी परत बोलावलेही नव्हते. यंत्राकडे वळण्यापूर्वी हे कबूल केलेले बरे. त्या दिवशी माझ्याकडे त्रिमिती यंत्र नव्हते, हे खरे. पण होते ते यंत्रही मी पुरते वापरले नव्हते.

पंचवीस मिनिटे ते वीस सेकंद

विल्हेल्म रोंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला तो ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांच्या आत, जानेवारी १८९६ मध्ये, ब्राउनश्वाइगच्या ओटो वाल्कहॉफ या दंतवैद्याने स्वतःच्याच दातांचा एक्स-रे काढून घेतला. त्यासाठी त्यांना तब्बल पंचवीस मिनिटे किरणांसमोर निश्चल राहावे लागले. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स यांनी याच तंत्राला दंतवैद्यकात व्यवहारात आणले. किरणांच्या धोक्याची कल्पना नसल्याने ते वर्षानुवर्षे किरणांत हात घालून काम करत राहिले. कर्करोगाने आधी बोटे गेली, मग हात गेला, आणि १९२८ साली त्यांनी स्वतःच आपले आयुष्य संपवले. आज एक्स-रे काढताना डॉक्टर बाहेर जाऊन बटण दाबतो, त्या सवयीमागे अशा माणसांची किंमत आहे.

हरवलेली खोली परत मिळवली ती गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याने. शरीराभोवती किरणांचा स्रोत फिरवायचा, अनेक दिशांनी सावल्या घ्यायच्या आणि त्यांवरून आतली रचना गणिताने उभी करायची, ही त्यांची कल्पना. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या विम्बल्डन भागातील एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. १९७९ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि ॲलन कॉरमॅक यांना विभागून मिळाले.

पण ते यंत्र खोलीभर मोठे, महाग आणि दाताच्या मानाने किरणांचा फार वापर करणारे. एका मुळासाठी रुग्णाला त्यात घालणे म्हणजे मुंगी मारायला तोफ आणण्यासारखे. दातांसाठी वेगळे यंत्र निघाले ते १९९० च्या दशकात, जवळजवळ एकाच वेळी दोन ठिकाणी. इटलीतल्या व्हेरोना शहरात मोझ्झो, ताकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक यंत्र सिद्ध केले. त्यावरचा त्यांचा लेख १९९८ साली प्रसिद्ध झाला. जपानमध्ये निहोन विद्यापीठात योशिनोरी आराई यांनी दोन-चार दातांपुरतेच लहान चित्र काढणारे यंत्र बनवले. या तंत्राला कोन-बीम सीटी म्हणतात. किरणांचा झोत शंकूच्या आकाराचा असतो म्हणून हे नाव.

यात रुग्ण खुर्चीत बसतो किंवा उभा राहतो. हनुवटी टेकवायची, समोरची काडी दातांत धरायची आणि हलायचे नाही. एक दांडा डोक्याभोवती फेरी मारतो. दहा-वीस सेकंदांत, यंत्राप्रमाणे थोडे कमी-जास्त, शेकडो सावल्या टिपल्या जातात. संगणक त्यांवरून बारीक घनांची एक ठोकळी रचतो. साखरेचे चौकोनी खडे एकमेकांना चिकटवून ठोकळा केला आहे अशी कल्पना करा. फक्त एकेक खडा मिलिमीटरच्या एक दशांशाच्या आसपास. हा ठोकळा मग पडद्यावर हवा तसा कापता येतो. आडवा, उभा, तिरका, मुळाच्या बरोबर मधून, ओठाकडून टाळूकडे. दाराच्या फटीसमोर नेमके कुठे उभे राहायचे हे आधी ठाऊक असावे लागत नाही. चित्र काढून झाल्यावर, बसल्या जागी, आपण पडद्यावर हवे तिथे जाऊन उभे राहतो.

गळाची दोरी

२०१८ च्या मे महिन्यात कोरेगावकडचे एक शेतकरी आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. गावात सामने चालू होते, सीझन बॉलवर. चेंडू उसळला आणि तोंडावर बसला. वरचा पुढचा एक दात थोडा लोंबल्यासारखा खाली आला होता आणि बोट लावले की हलत होता.

"डॉक्टरसाहेब, काढायचा असंल तर काढून टाका," वडील म्हणाले. "पोराची परीक्षा झालीया, सुट्टीत सगळं उरकू."

या वेळी मी कोन बदलून तीन एक्स-रे काढले. एकात काहीच नव्हते. दुसऱ्यात पुसटशी रेघ. तिसऱ्यात दोन वाकड्या रेघा, दोन्ही टोकांना मिळालेल्या, बदामासारखा आकार झालेल्या. नवख्या माणसाला वाटेल की मूळ दोन ठिकाणी मोडले आहे. प्रत्यक्षात तिरक्या भेगेची ओठाकडची कड आणि टाळूकडची कड अशा दोन रेघा वेगवेगळ्या पडतात. मोड एकच असतो.

मूळ मोडले आहे एवढे तर कळले. पण पुढचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा होता, आणि त्याचे उत्तर तीन एक्स-रेंना देता येत नव्हते. भेग टाळूच्या बाजूला कुठवर आली आहे? मोड सगळीकडून हाडाच्या आत असेल, तर तो बंद खोलीतल्या जखमेसारखा असतो. भरून येण्याची चांगली शक्यता असते. तीच भेग टाळूकडे हिरडीच्या काठापर्यंत पोचून तोंडात उघडली असेल, तर लाळेतले जंतू तिच्यातून आत शिरतात आणि दाताचे भवितव्य बिकट होते. समोरून पाहिलेल्या सावलीत मुळाच्या मध्यावर दिसणारी भेग टाळूकडे हिरडीच्या बरीच जवळ गेलेली असते, हा अनुभव त्रिमिती चित्रे काढू लागल्यानंतर अनेकांना आला आहे.

मी आधी दात भूल देऊन जागेवर बसवला आणि शेजारच्या दातांना बांधला. बांधायला तारेऐवजी मासे पकडायच्या गळाची नायलॉनची दोरी वापरली, वरून दाताच्या रंगाचे सिमेंट. बारीक दोरी दाताला जरा हलू देते, आणि बरे होण्यासाठी ते हवेच असते. शिवाय स्कॅनमध्ये धातू असला की चित्रात पट्टे उमटतात. दोरीने ती कटकट टळते. मग चिठ्ठी लिहून मुलाला स्कॅनसाठी पाठवले. चिठ्ठीत फक्त 'स्कॅन करावा' असे लिहिले नाही. कोणता दात, चेंडू कधी लागला, आणि प्रश्न काय: 'भेग टाळूकडे हाडाच्या काठाच्या आत आहे की बाहेर?' चित्र फक्त पुढच्या तीन-चार दातांपुरते काढावे, असेही.

दुसऱ्या दिवशी चित्र पडद्यावर पाहिले. मूळ मध्यातून उभे कापून बाजूने पाहिले, तेव्हा भेग ओठाकडे मुळाच्या मध्यावर सुरू होऊन तिरकी खाली उतरत टाळूकडे आली होती, आणि हाडाच्या काठाच्या दोनएक मिलिमीटर आत थांबली होती. वडिलांना खुर्ची ओढून पडद्याजवळ बसवले आणि बोट ठेवून दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले. "म्हंजे आत मोडलाय, पर बाहेर फुटलेला न्हाई," ते म्हणाले. माझ्या एका पानाच्या स्पष्टीकरणापेक्षा हे नेमके होते.

दोरी चार आठवड्यांनी काढली. रूट कॅनाल केले नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा वेळी दाताची 'नस' मेलीच असणार असे धरून अनेकदा घाईने ती काढली जाते. थंड लावून पाहिले की दात पहिले काही आठवडे, कधी तीन महिनेही, काहीच उत्तर देत नाही. तो बधिर झालेला असतो, मेलेला असतोच असे नाही. पुढे नस मेलीच, तरी बहुधा भेगेच्या अलीकडच्या, म्हणजे तोंडाकडच्या तुकड्यापुरतेच उपचार करावे लागतात. टोकाकडचा तुकडा बहुतेक वेळा जिवंत राहतो. कोपनहेगनच्या येन्स ओवे आंद्रेआसन यांनी दाताला झालेल्या इजांचा आयुष्यभर अभ्यास केला. मोडलेल्या मुळाचे पुढे काय होते याचे चार प्रकार त्यांनी आणि एका सहकाऱ्याने १९६७ साली मांडले होते. एक तर हाड सांधते तसे तुकडे कठीण पदार्थाने सांधले जातात. किंवा मध्ये तंतूंचा पडदा येतो. किंवा तंतूंबरोबर हाडही येते. आणि चौथ्या प्रकारात भेगेत सूज माजते, जखम भरतच नाही. पहिल्या तिन्हींत दात टिकतो. माझ्या खाकी पाकिटातली मुलगी चौथ्यात गेली होती.

हा मुलगा चार आठवड्यांनी, मग दोन, चार, सहा महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षे दर वर्षी येत राहिला. दर वेळी साधा एक्स-रे पुरला, स्कॅन पुन्हा केला नाही. दात त्याच्याच जागी आहे, थंड लावले तर कळते. रंग किंचित पिवळट झाला आहे, तो त्याने मनावर घेतलेला नाही. आता तो दातांवर रबरी संरक्षक पट्टी घालून खेळतो.

यंत्रालाही दिसत नाही तेव्हा

इथे लेख संपवला तर यंत्राची जाहिरात होईल. म्हणून तिसरी गोष्ट सांगतो.

एक निवृत्त शिक्षिका खालच्या दाढेच्या ठणक्याने बेजार होत्या. दाढेचे रूट कॅनाल काही वर्षांपूर्वी झालेले, आत धातूची खुंटी, वर कॅप. त्या येतानाच स्कॅनची सीडी आणि रिपोर्ट घेऊन आल्या. कोणीतरी त्यांना सांगितले होते की थ्रीडीत सगळे दिसते. रिपोर्टात लिहिले होते, 'मुळाला उभा तडा असण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

"म्हणजे आहे की नाही, डॉक्टर?" बाईंनी विचारले. आयुष्यभर मुलांची उत्तरे तपासलेल्या बाई. त्यांना हे वाक्य पटणे शक्य नव्हते.

मी पडदा पाहिला. खुंटीपासून काळे-पांढरे पट्टे सूर्यकिरणांसारखे फाकले होते. धातू आणि रूट कॅनालमध्ये भरलेला पदार्थ किरणांना फार अडवतात, आणि गणित तिथे चुकते. त्या पट्ट्यांपैकी एखादा तडा असेलही, पण कोणता, हे सांगणार कोण? रूट कॅनाल झालेल्या दातातला उभा तडा ही आमच्या धंद्यातली सर्वांत फसवी गोष्ट आहे. तो केसाहून बारीक असतो आणि त्रिमिती यंत्राच्या घनाहूनही बारीक असू शकतो. अमेरिकेतल्या रूट कॅनाल तज्ज्ञांच्या आणि दंत-प्रतिमा तज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून २०१५ साली सुधारून काढलेल्या निवेदनातही या यंत्राच्या अशा मर्यादा सांगितल्या आहेत. यंत्राला तडा दिसला नाही तरी त्याने पोखरलेले हाड कधी कधी दिसते. तेवढा सुगावा जरूर घ्यावा. पण काळ्या पट्ट्यावर बोट ठेवून दात उपटू नये.

मी हिरडी आणि दाढ यांच्यामध्ये खुणा कोरलेली साधी सळई घालून सगळीकडे फिरवली. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर जाणारी सळई एकाच जागी, अगदी अरुंद फटीत, नऊ मिलिमीटर खाली गेली. एकाच जागी असा खोल खड्डा ही तड्याची जुनी खूण आहे. भूल देऊन त्या जागेची हिरडी थोडी उचलली, निळा रंग लावून पुसला, आणि मुळावर वरून खालपर्यंत निळी रेघ उभी राहिली. बाईंना आरशात दाखवली. "आता कळलं," त्या म्हणाल्या. दाढ काढावीच लागली, पण खात्री करून काढली.

आधी प्रश्न, मग चित्र

त्रिमिती स्कॅनची यंत्रे आता जिल्ह्याच्या गावांतही आली आहेत, हे चांगलेच झाले. पण जे उपलब्ध असते ते वापरावेसे वाटते, आणि महाग घेतलेले यंत्र चालत राहावे असेही वाटते. किरणांच्या हिशेबात बोलायचे तर निसर्गातून, म्हणजे माती, हवा, अन्न, आकाश यांतून, जगातल्या माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट एवढा किरणोत्सर्ग मिळतोच. दाताचा एक छोटा एक्स-रे म्हणजे त्यातला साधारण एका दिवसाचा, फार तर दोन दिवसांचा वाटा. लहान आकाराचा त्रिमिती स्कॅन यंत्राप्रमाणे काही दिवसांपासून काही आठवड्यांइतका भरतो. मोठ्या आकाराचा त्याहून अधिक. घाबरून नको म्हणावे असे त्यात काही नाही. पण उगाच घ्यावा असेही नाही, विशेषतः मुलांनी, कारण वाढत्या शरीराला किरण अधिक जाणवतात. आपल्याकडे अशा यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते आणि यंत्र चालवायला त्यांचा परवाना लागतो.

मुलाला स्कॅनसाठी पाठवले जात असेल तर पालकांनी संकोच न करता विचारावे, "डॉक्टर, यातून काय शोधायचंय? ते साध्या एक्स-रेत कळणार नाही का? आणि उत्तर आल्यावर उपचारात काय बदल होईल?" ज्याच्याकडे उत्तर आहे तो डॉक्टर या प्रश्नांनी रागावणार नाही. एका दातासाठी अख्ख्या जबड्याचा स्कॅन सांगितला असेल तर लहान भागाचा चालेल का, हेही विचारावे. मूळ मोडल्याचा संशय आहे, दात जागेवरून सरकला आहे, हाडात रुतला आहे, किंवा मारानंतर काही वर्षांनी मूळ आतून-बाहेरून झिजू लागले आहे आणि झीज कुठवर गेली ते ठरवायचे आहे, अशा वेळी स्कॅन पैशाचे आणि किरणांचे मोल फेडतो. नुसता टवका उडाला असेल तर बहुधा त्याची गरज नसते.

आणि यंत्रापर्यंत जाण्याआधीचा तास आपल्या हातात असतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या सुमारे शंभर कोटी हयात माणसांच्या दातांना कधी ना कधी मार लागलेला आहे. तेव्हा ही वेळ कोणाच्याही घरी येऊ शकते. कायमचा दात मुळासकट बाहेर पडला तर तो मुळाला न धरता वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मळला असल्यास क्षणभर धुवावा, घासू नये, आणि शक्य तर लगेच त्याच्या जागी बसवून रुमाल चावायला द्यावा. धीर होत नसेल तर दुधात बुडवून तासाच्या आत दवाखाना गाठावा. दुधाचा दात मात्र परत बसवू नये. आणि दात बाहेर पडला नाही, तुटलाही नाही, नुसता हलतो आहे, तरी 'मुका मार' म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरने 'काही नाही' म्हटले तरी महिन्याने पुन्हा दाखवावे.

२०२२ साली खाकी पाकिटातली ती मुलगी माझ्याकडे आली. मुलगी म्हणतो, पण बेचाळीस वर्षांची बाई, स्वतःच्या मुलीला अकरावीत घालून आलेली. कवळीचा कंटाळा आला होता, कायमचा दात बसवायचा होता. त्यासाठी हाड किती उरले आहे ते पाहावे लागते, म्हणून तिचा त्रिमिती स्कॅन काढला. शेजारच्या दातांपाशी रुंद असलेले हाड दात नसलेल्या जागी सुरीच्या पात्यासारखे निमुळते झाले होते. सव्वीस वर्षे मूळ नसलेल्या हाडाचे असेच होते. आधी हाड भरावे लागेल, मग दात, असे तिला सांगितले.

मग खण उघडून ती फिल्म काढली आणि तिच्या हातात दिली. म्हणालो, "त्या वेळी मूळ मोडलेलं होतं. मला दिसलं नाही. मी आणखी दोन फिल्म काढायला हव्या होत्या, तुला महिन्याने बोलवायला हवं होतं."

तिने फिल्म खिडकीकडे धरून पाहिली. "यात कुठंय मोडलेलं?" तिने विचारले.

"यात नाही दिसत," मी म्हणालो.

तिने फिल्म परत दिली. थोड्या वेळाने म्हणाली, "डॉक्टर, माझी मुलगी कबड्डी खेळते. तिला ती रबराची पट्टी मिळते ना, ती करून द्या."

माप त्याच आठवड्यात घेतले. त्या मुलीचे नाव आता माझ्या एका वहीत आहे. मार लागलेल्या आणि लागू शकणाऱ्या सगळ्या मुलांची ती वही आहे. कोणाला केव्हा परत बोलवायचे त्याच्या तारखा तीत लिहिलेल्या असतात. दवाखान्यात संगणक आहे, पण ही वही मी हातानेच लिहितो.